मागच्या बाकावरून

शाळेच्या नोकरीनिमित्त मी नवापूर तालुक्यात आलो, तेव्हा धुळ्यातून वेगळा होऊन १९९८ साली निर्माण झालेला नंदुरबार जिल्हा अजून नवाच होता. रंगावलीकाठचा हा मुलूख भाताचा आणि तुरीचा. तो प्रार्थनामंदिरांचाही आहे, हे मला उशिरा उमगले. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन वंशाचे मिशनरी पश्चिम खानदेशात आले. त्यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत आज अनेक आदिवासी कुटुंबांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या आहेत. माझे एक सहकारी अशाच कुटुंबातले. “सर, एखाद्या रविवारी या ना उपासनेला,” असे ते दरवर्षी म्हणत आणि मी दरवर्षी काही निमित्त पुढे करीत असे.

त्यामागे एक अढी होती. माझ्या घरच्या सत्यनारायणाला ते आले होते. कथा संपेपर्यंत शांत बसले. पण आईने शिऱ्याचा द्रोण पुढे केला तेव्हा हात जोडून हलकेच “नको” म्हणाले. आई काही बोलली नाही. द्रोण घेऊन आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. आमची मैत्री टिकली, पण तो द्रोण आमच्यामध्ये राहिला.

अखेर एका रविवारी गेलो. दाराशी चपलांची रांग, आत एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रिया. मी मागच्या बाकावर बसलो. नवख्याला तीच जागा सोयीची, कारण पुढचे उठले की उठावे, बसले की बसावे. घंटानाद, गंभीर ऑर्गन असे काहीसे माझ्या मनात होते. प्रत्यक्षात पेटी आणि ढोलकी वाजू लागली. शेजारच्या मुलाने न विचारता ‘उपासना संगीत’ माझ्यासमोर उघडून धरले. ज्या रेव्हरंड टिळकांना आपण वर्गात फुलामुलांचे कवी म्हणून शिकवतो, त्यांची पदे येथे पाठ्यपुस्तकाबाहेर, घाम गाळणाऱ्या माणसांच्या कंठात जिवंत होती. चाल परिचित, भजनाच्या वळणाची. मी नकळत गुणगुणू लागलो. दानाची थैली फिरली, तिच्यापाठोपाठ कोणी ओंजळभर तांदूळही पुढे नेऊन ठेवले. पाळकांनी नव्या पाहुण्यांना उभे राहण्यास सांगितले, तेव्हा मात्र शाळा तपासनिसासमोर उभे राहावे तसे झाले.

तो महिन्याचा पहिला रविवार होता; प्रभुभोजन होते. भाकरीचे लहान तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले घेऊन तबक रांगेरांगेने येऊ लागले. घ्यावे, तर ज्या श्रद्धेची ती खूण, ती माझी नाही. न घ्यावे, तर यजमानांचा अवमान. तबक माझ्यापुढे आले. मी हात जोडले आणि हलकेच “नको” म्हणालो. वाढणाऱ्या वृद्धाने मान किंचित लववली आणि तबक पुढे नेले. माझे सहकारी समोरच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. त्यांनी पाहिले की नाही, मी कधी विचारले नाही.

पुढे नाशिकला उत्तर भारतीय चर्चच्या एका मंदिरात गेलो. १९७० साली नागपुरात अँग्लिकन आणि इतर काही मंडळ्या एकत्र येऊन हे चर्च स्थापन झाले. तेथे बिशपांची व्यवस्था, पायघोळ झग्यातले धर्मगुरू, छापील प्रार्थना आणि त्यांना लोकांनी एकसुरात दिलेली उत्तरे. भाकर घ्यायला लोक वेदीपाशी जाऊन गुडघे टेकत होते. तेथे बाकावर बसून राहणे मला मुळीच अवघड वाटले नाही.

नवापूरच्या त्या रविवारी संध्याकाळी आईला फोन केला. भजने, ढोलकी, तांदूळ, सारे सांगितले. तबकाचेही सांगितले. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “नंतर चहा दिला असेल ना त्यांनी?”

“दिला. बिस्किटेही होती.”

“घेतलास ना?”

“घेतला.”

“त्यांना सांग,” आई म्हणाली, “दिवाळीत ये म्हणावं. पूजा नसेल त्या दिवशी.”