बोंजूर म्हणा, पुढचं होऊन जाईल!

माँट्रियलला जायचंय, पण फ्रेंचचा गंध नाही? नो टेन्शन. फक्त तोंड उघडताना पहिला शब्द कोणता, तेवढं सांभाळा.

एअरपोर्टवरून शहरात नेणाऱ्या बसचा नंबर ७४७. विमानाचाच नंबर, त्यामुळे विसरायचा प्रश्नच नाही. खिडकीतून बघते तर चौकाचौकात लाल अष्टकोनी पाटी, आणि आपल्याकडे जिथे ‘स्टॉप’ असतं तिथे एक वेगळाच शब्द. शेवटच्या ‘टी’चा उच्चार करायचा नाही, म्हणून वाचायचं ‘आरे’! म्हणजे, थांबा. अख्खं शहर दर वळणावर ‘अरे, जरा दमानं’ म्हणून दटावतंय असंच वाटतं.

गंमत म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये या पाटीवर चक्क इंग्रजीतलं ‘स्टॉप’ असतं. पॅरिसमध्ये केएफसी हे केएफसीच, इथे मात्र ‘पीएफके’. पॅरिसवाले बिनधास्त ‘वीकेंड’ म्हणतात, हे म्हणतात ‘फँ द समेन’, आठवड्याचा शेवट. फ्रेंचांपेक्षा फ्रेंच!

लोकलचा फंडा

फिरायला भाषा लागतच नाही म्हणा ना. १९६६ साली सुरू झालेली इथली मेट्रो रबरी टायरवर पळते. लाइनी ओळखायच्या रंगावरून: हिरवी, नारिंगी, पिवळी, निळी. नंबर मात्र १, २, ४ आणि ५. तीन नंबरची लाइन नाहीच! फंडा आपल्या लोकलचाच. चर्चगेट की विरार, तसं शेवटचं स्टेशन लक्षात ठेवायचं आणि त्या नावाच्या बाणामागे चालायचं. बाहेर पडायला ‘सॉर्ती’ लिहिलेलं दार शोधायचं. दोन दिवसांत मी सराईत झाले.

खाण्याचीही चंगळ. माइल एंड भागात मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजलेले बेगल्स मिळतात. पोलंड-रशियाकडून आलेल्या ज्यू कुटुंबांची ही देणगी. पुतीन म्हणजे फ्राइज, चीजचे गोळे आणि वरून गरम ग्रेव्ही. व्हेज मंडळींनी जपून! ही ग्रेव्ही बहुतेक वेळा मांसाच्या रसाची असते.

क्रुआसाँ आणि चपराक

एवढं सगळं जमल्यावर मी जरा हवेतच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी एका छोट्या बेकरीत शिरले आणि थेट सुरू झाले, ‘डू यू स्पीक इंग्लिश?’ काउंटरमागच्या मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘नों.’ मग मी बोट दाखवून क्रुआसाँ घेतला. तेवढ्यात मागच्या मुलीनं ‘बोंजूर’ म्हटलं, आणि पुढे दोघींच्या इंग्रजीत मस्त गप्पा. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

राग आला. टुरिस्टशी असं वागतात? रात्री हॉटेलवर बसून दोन वाक्यं घोकली आणि हट्टानं दुसऱ्या दिवशी तिथेच गेले. ‘बोंजूर! अँ क्रुआसाँ, सिल व्हू प्ले.’ उच्चाराची पार वाट लागली होती. मावशी हसल्या, आणि इंग्रजीत विचारलं, ‘सोबत कॉफी?’

आदल्या दिवशी त्या दमलेल्या असतील, किंवा त्यांचं डोकं फिरलेलं असेल, देव जाणे. पण माझ्या फ्रेंचची परीक्षा कुणी घेत नव्हतं, एवढं मला कळलं. पाहुणा घरात शिरताना चपला काढतो की नाही, एवढंच बघत होते.

एक शब्द एवढा महाग का?

माँट्रियलमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना दोन्ही भाषा येतात, म्हणून आपण या शहराला ‘बायलिंग्वल’ म्हणतो. पण क्युबेक प्रांताची अधिकृत भाषा एकच, फ्रेंच. १९६०च्या आधी चित्र असं होतं, की शहरात फ्रेंच बोलणारे बहुसंख्य, पण मोठ्या कंपन्यांतले साहेब इंग्रजीवाले आणि पगारही त्यांचाच जास्त. फ्रेंच बोलणाऱ्यांना ‘गोऱ्यांसारखं बोला’ म्हणून हिणवलं जायचं, आणि तेही गोरेच! मग १९७७ साली ‘बिल १०१’ हा कायदा आला. पाट्या, ऑफिसं, बाहेरून आलेल्यांच्या मुलांच्या शाळा, सगळीकडे फ्रेंच. गाड्यांच्या नंबरप्लेटवर १९७८पासून लिहिलेलं असतं, ‘मला आठवतं.’

मामला अजून निवलेला नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला सवयीनं ‘बोंजूर-हाय’ म्हणतात, म्हणजे भाषा तुम्ही निवडा. २०१७ साली तिथल्या विधानसभेनं एकमतानं ठराव केला, नुसतं ‘बोंजूर’ म्हणा! २०२२मध्ये कायदा आणखी कडक झाला आणि जून २०२५पासून दुकानाबाहेर फ्रेंच अक्षरांना इतर भाषांच्या दुप्पट जागा द्यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या इंग्रजीभाषकांना हे जाचक वाटतं, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. मला मात्र दुकानांवरच्या मराठी पाट्या आठवत होत्या. अक्षरं कोणाची मोठी, हा वाद आपल्याला काय नवा?

परत आले ती गोरेगाव स्टेशनबाहेर रिक्षापाशी. सवयीनं म्हणाले, ‘भैया, आरे कॉलनी चलोगे?’

‘बसा ना, ताई,’ तो म्हणाला.

माँट्रियलच्या मावशींसाठी मी रात्रभर दोन वाक्यं घोकली होती. इथे तर घोकायचीही गरज नव्हती.

पर्समध्ये ठेवा

● बोंजूर: नमस्कार. दुकानात शिरताच, काहीही विचारण्याआधी.
● पार्ले-व्हू आंग्ले?: इंग्रजी बोलता का? बोंजूरनंतरच!
● मेर्सी: आभारी आहे. उत्तरात ‘बियँव्हन्यू’ आलं तर गोंधळू नका, ते आपलं ‘वेलकम’.
● सां व्यांद: मांसाशिवाय.
● पूसे, तिरे: दारावर लिहिलेलं असतं. ढकला, ओढा.
● देजने, दिने, सूपे: सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. पॅरिसमध्ये मात्र देजने म्हणजे दुपारचं जेवण, तेव्हा टेबल बुक करताना सांभाळून!
● देपानर: कोपऱ्यावरचं किराणा दुकान. हा शब्द तिथले इंग्रजीवालेसुद्धा वापरतात.