रोहिणीचा लवचीकपणा

लेंग्यांतील इलॅस्टिक सैल पडलें तर घरांतल्या घरांत बदलतां येतें. हृदयांतून निघणाऱ्या महारोहिणीस ही सोय नाहीं. तिच्या भिंतींत इलॅस्टिन नांवाच्या द्रव्याचे धागे असतात. त्यांच्या बळावर ती दिवसास लाखभर वेळां ताणली जाते व पूर्ववत् होते. हे धागे बहुतेक सर्व गर्भावस्थेंत व बालपणींच विणले जातात. पुढील सारें आयुष्य त्याच विणीवर काढावयाचें.

गेल्या वर्षीं ठाण्यास माझ्या वडिलांच्या पोटाची सोनोग्राफी मूतखड्याच्या संशयावरून केली. खडा निघाला नाहीं. महारोहिणी मात्र एके ठिकाणीं ४.३ सेंटिमीटर फुगलेली आढळली. एरवीं ती तेथें २ सेंटिमीटरांच्या आसपास असते. पुरुषांत साधारणतः ५.५ पर्यंत वाट पाहतात, त्याआधीं शस्त्रक्रियेचाच धोका अधिक, असें डॉक्टरांनीं समजावलें. चाळीस वर्षांची सिगारेट त्या दिवशीं सुटली.

हे धागे तोडतें कोण? बुडापेस्टचे बालो व बांगा हें दांपत्य रोहिण्या कां बिघडतात याचा शोध घेत होतें. १९४९ च्या सुमारास त्यांनीं स्वादुपिंडांत इलॅस्टिन विरघळविणारें एक विकर दाखवून दिलें; त्यास इलॅस्टेज म्हणतात. म्हणजे मांसान्न पचविणारें द्रव्यच हें! जंतूंशीं झुंजणाऱ्या श्वेतपेशींपाशींही त्याचा एक सगोत्र असतो. त्यास शत्रु म्हणणें मला जड जातें. यकृत त्याला आवरणारें प्रथिन तयार करतें. तंबाखूचा धूर नेमकें तेंच निकामी करतो. फुगलेल्या महारोहिणींत मुख्य हात असतो तो जस्ताच्या आधारें चालणाऱ्या दुसऱ्या विकरांचा. भिंतींत सूज आली कीं तेथें जमलेल्या पेशी तीं सोडतात; धागे तुटतात, भिंत पातळ होते, आणि रक्ताचा दाब आपलें काम करीत राहतो.

डॉक्सिसायक्लिन हें जुनें औषध या विकरांस अडवितें, म्हणून मोठी आशा होती. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील चांचणींत दोन वर्षें तें देऊनही फुगवट्याची वाढ मंदावली नाहीं. तें वाचून मीं वडिलांना कांहींच सांगितलें नाहीं. तेही विचारीत नाहींत. रक्तदाबाची गोळी मात्र घड्याळ लावून घेतात.

पुढील मोजणी आषाढांत आहे. तोंवर फडके रस्त्यावरचें त्यांचें सकाळचें फिरणें चालू आहे. डोंबिवली स्थानकावर गाडी सुटूं लागली कीं ते थांबतात, आणि मला म्हणतात, ‘तूं पळ, मी मागल्या गाडीनें येतों.’