सवाल, जवाब आणि हरवलेला प्रतिपक्ष

संगमनेरच्या अनंत फंदीचे (१७४४–१८१९) नाव मराठी वाचकाला परिचित असते ते प्रामुख्याने त्याच्या फटक्यांमुळे. पाठ्यपुस्तकांतून भेटणारा हा फंदी सदुपदेश करणारा, काहीसा वडीलधारा कवी आहे. परंतु ज्या फडाच्या परंपरेत त्याची वाणी घडली, तेथे शाहिराला श्रोत्यांइतकेच समोरच्या प्रतिस्पर्ध्याचेही भान ठेवावे लागे. हा प्रतिस्पर्धी आज संहितेतून नाहीसा झाला आहे, आणि त्याच्या अभावी शाहिरी काव्याचे वाचन बरेचसे एकतर्फी होते.

कलगी-तुऱ्याच्या सामन्यात हा प्रतिपक्ष रचनेचाच घटक असतो. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. आद्य कोण, श्रेष्ठ कोण, या प्रश्नाभोवती भेदिक कवने गुंफली जातात. एकाने कूट घालावे, दुसऱ्याने ते उकलून उलट सवाल टाकावा, उत्तर न सुचल्यास हार मानावी, असा हा रिवाज. यात टोमणे असतात, उपहास असतो, क्वचित शिवीगाळही असते. मात्र शाहीर पक्ष घेऊन उभा राहतो तो परंपरेने मिळालेला, त्यामुळे झोंबणाऱ्या शब्दालाही एक आडोसा लाभतो.

अमेरिकेतील हिप-हॉपमध्ये ज्याला ‘डिस’ म्हणतात, त्या निंदागीताचा एक आरंभीचा गाजलेला कलह याच प्रश्नावर पेटला होता, हे लक्षणीय आहे. एमसी शानचे क्वीन्सब्रिज वस्तीविषयीचे गीत हिप-हॉपच्या जन्मस्थानावर हक्क सांगणारे म्हणून ऐकले गेले, आणि केआरएस-वन व त्याच्या साथीदारांनी १९८६–८७ मध्ये साउथ ब्राँक्सच्या वतीने त्याला गीतांतूनच प्रत्युत्तर दिले. आद्य कोण, हाच वाद येथेही होता. फरक एवढाच की शिव-शक्तीच्या जागी दोन वस्त्या आल्या. पुढे पक्षाची जागा उत्तरोत्तर व्यक्तीने घेतली. रॅपर स्वतःच स्वतःचा पक्ष झाला, आणि आडोसा गेला. २०२४ मध्ये केंड्रिक लामारने ड्रेकवर रचलेल्या गीतातील आरोप इतके व्यक्तिगत होते की ड्रेकने जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीवर बदनामीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. चकमकीतील अशी विधाने सुज्ञ श्रोता वस्तुस्थिती म्हणून घेणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

न्यायाधीशाने येथे केले ते वस्तुतः समीक्षकाचे काम. वाक्य कोणत्या वाङ्मयप्रकारात उच्चारले गेले, यावर त्याचा अर्थ ठरतो, हे तत्त्व न्यायासनाला मान्य करावे लागले. फडासमोर बसलेल्या श्रोत्याला ते कोणी शिकवलेले नव्हते. तो शिवीला हसत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. मात्र हा संकेत सर्वांना सारखाच तारतो असे नाही. ज्याच्यावर आरोप होतो त्याच्यापुरता तो अपुरा पडू शकतो, आणि श्रोत्यांच्या हास्याने घाव भरतोच असे नाही.

अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने फंदीने तमाशा सोडून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. ज्या चौंडीत अहिल्याबाई जन्मल्या ते गाव आणि फंदीचे संगमनेर एकाच जिल्ह्यात येतात, आणि त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात एक वाङ्मयीन सत्य दडलेले आहे. ‘फटका’ या नावातच प्रहार आहे. प्रतिस्पर्ध्याच्या जागी तेथे श्रोता उभा केला जातो, आणि श्रोत्याला उलट सवाल टाकण्याची सोय नसते. ज्या वाणीला जबाबाची अपेक्षा होती, ती उपदेश झाली. छापील पानावर तिला मान मिळाला, पण तिचा जोडीदार मात्र त्या पानावर आलाच नाही.