वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड

अरणगावजवळच्या आमच्या घराचा वरचा मजला एका ऑस्ट्रेलियन कुटुंबाला भाड्याने दिला, तेव्हा भाडं सांगतानाच माझी नियत फिरली. गावातल्या माणसाला जे सांगितलं असतं, त्याच्या दुप्पट मी सांगितलं. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि हो म्हटलं. ‘त्यांचा पैसा डॉलरमधला, त्यांना काय जड?’ असं मी घरात म्हणालो. खरं तर ते दोघं मेहेराबादला विनामोबदला सेवा करायला आले होते, साठवलेल्या पैशांवर राहत होते. महिनाअखेरीला त्यांच्या पिशवीत बटाटे आणि कांद्याशिवाय काही नसायचं, हे मी रोज जिन्यात पाहत होतो. तरी भाडं कमी केलं नाही.

आमच्या भागाला परदेशी माणूस नवा नाही. दौंड रस्त्याला रुळाच्या एका अंगाला खालचं मेहेराबाद, दुसऱ्या अंगाला टेकडीवर आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांची समाधी. १९६९ साली बाबांनी देह ठेवला. दर ३१ जानेवारीला अमरतिथीसाठी जगभरातून लोक येतात आणि त्यांतले काही इथंच बिऱ्हाड करतात. त्याच्याही कितीतरी आधी, १८३१ मध्ये, नगरात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं झालं. सिंथिया फॅरारबाईंनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिक निघालं, नेवाशाकडच्या वडाळ्यात मिशनरी फेअरबँक घराणं पिढ्यान् पिढ्या राहिलं. हा इतिहास मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचो. त्या घरांतल्या पोरांना मराठी कोणाच्या अंगणात आली असेल, हे मात्र कधी मनात आलं नाही.

वरच्यांची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. गल्लीतली पोरं लगोरी खेळायची. ही खालच्या पायरीवर येऊन बसायची, फुटकी कौलं रचून द्यायची, चेंडू लांब गेला की धावत जाऊन आणायची. एकदा तिचं ढोपर फुटलं आणि मी पोरांना दटावलं, ‘तिला खेळात घ्यायचं नाही, परक्याची पोर आहे, काही झालं तर आपल्या अंगाशी येईल.’ तिच्या आईने काहीच तक्रार केली नव्हती. वर मीच खटपट करून तिला नगरच्या इंग्रजी शाळेत घालायला लावलं. आपण त्यांचं भलं करतोय, अशी माझी पक्की समजूत होती.

पण सगळ्यात जास्त लाज वाटते ती कागदाची. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत ‘फॉर्म सी’ भरून कळवायचं, असा तेव्हा नियम होता. मला तो माहीत होता. भाड्याचा आकडा कुठं कागदावर यायला नको, म्हणून मी आजउद्या करत राहिलो. एकशे ऐंशी दिवसांपेक्षा मोठा व्हिसा असला की नोंदणी करावी लागते. त्यांची नोंदणी माझ्या त्या कागदापायी अडली. नवरा बिचारा उन्हातान्हात एस.पी. ऑफिसला खेटे घालू लागला. शेवटी मला बोलावणं आलं, तेव्हा मी सांगितलं, ‘यांनीच पासपोर्ट उशिरा दिला.’ तो माझ्या शेजारीच उभा होता. एवढी मराठी त्याला तोवर समजायला लागली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बोलला नाही.

पुढे माझे वडील, आमचे अण्णा, गेले. पहाटेच फोन फिरले, माणसं जमली, माती झाली. वर कोणीच सांगितलं नाही. दारात गर्दी पाहून ती दोघं खाली आली, तर मी त्यांना खुर्च्या दिल्या आणि कोपऱ्यात बसवलं. सावडायला, दहाव्याला, कशालाच बोलावलं नाही.

काही महिन्यांनी जिन्यात त्याच्या बायकोचे डोळे सुजलेले दिसले. विचारलं तेव्हा कळलं, तिची आई मेलबर्नला वारली होती, त्यालाही दोन आठवडे होऊन गेले होते. आमच्या डोक्यावरच्या घरात दुःख होतं आणि खाली टीव्ही चालू होता. ‘आम्हाला सांगितलं का नाही?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही सांगितलं नव्हतं. वाटलं, इकडे अशी बातमी घरातच ठेवतात.’

मी पायरीवरच बसलो. आमच्यात मयताची बातमी आधी शेजारी जाते, त्या घरात चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजारून येते, हे तिला सांगितलं. आमची रीत तिला माझ्या वागण्यातूनच कळत होती, आणि मी तिला चुकीची दाखवली होती. मग भाड्याचंही बोललो आणि ऑफिसात बोललेल्या खोट्याचंही. ‘ते त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं,’ एवढंच ती म्हणाली.

बायकोने त्याच संध्याकाळी पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या आणि ताट घेऊन वर गेली. बराच वेळ खाली आली नाही. जास्तीचं घेतलेलं भाडं एकरकमी परत करणं मला झेपलं नाही, ते पुढच्या भाड्यातून वळतं करत गेलो. ‘फॉर्म सी’ही भरला. मुलीला मात्र मराठी आली नाही. गल्लीतली ती पोरं तोवर मोठी होऊन शिकायला नगरला जाऊ लागली होती, आणि तिला कोणी खेळायला बोलवावं असं तिचं वय उरलं नव्हतं.