पद्मिनी आणि सुमो

राहात्यातील आमच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, दोन गाड्या उभ्या असतात. एक १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी, दुसरी १९९९ची टाटा सुमो. पद्मिनी बाबांची, म्हणजे आमच्यापैकी एकीच्या वडिलांची आणि दुसऱ्याच्या सासऱ्यांची. पेरूच्या एका चांगल्या बहारानंतर त्यांनी ती मुंबईहून जुनीच विकत आणली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगला चिकटलेला. सुमो आमची, तीही जुनीच घेतलेली.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, त्यामुळे यंत्राआधी नावांतच अडकतो. पद्मिनी म्हटले की चितोडची राणी आठवते, आणि पाठोपाठ कामशास्त्रातले चार स्त्रीप्रकारही. त्या न्यायाने सुमोला हस्तिनीच म्हणावे लागेल! विद्यार्थ्यांना सुमो म्हणजे जपानी मल्ल वाटतो. वस्तुतः १९९४ साली आलेल्या या गाडीला नाव मिळाले ते टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांचे. त्यांच्यातला ‘मू’ इंग्रजी स्पेलिंगमुळे ‘मो’ झाला, एवढेच.

प्रश्न पद्मिनीच्या नोंदणीचा आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र त्यानंतर तिला नित्य वापरास मनाई. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतेच रस्त्यावर यायचे. साधे नूतनीकरण करावे, तर दर पाच वर्षांनी तपासणी. तीत ती नापास झाली तर?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. सुदैवाने त्या दर्जाबरोबर बाजारात मराठी बोलण्याची बंदी आली नाही.

सुमोला असला कोणताही दर्जा मिळण्याची शक्यता नजीकच्या काळात नाही. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले, तेव्हा कोणी हळहळल्याचेही आठवत नाही. पण बाबांना लोणीच्या रुग्णालयात न्यायची वेळ आली तेव्हा पद्मिनीत त्यांना आडवे करणे अशक्य होते. सुमोची पायरी त्यांना चढवेना, म्हणून उचलून मधल्या सीटवर निजवले. वाटेत ते एवढेच म्हणाले, “पद्मिनीची बॅटरी उतरेल. आठवड्यातून एकदा चालू करत जा.” परत आणले तेही सुमोनेच. तेव्हा त्यांना काही विचारण्याची सोय उरली नव्हती.

वर्गात आम्ही अभिजात आणि लोकप्रिय यांतला भेद किती आत्मविश्वासाने शिकवतो! अंगणात आलो की तो आमचा आम्हालाच पटेनासा होतो.

अर्ज भरून टेबलावर ठेवला आहे, सही तेवढी राहिली आहे. परवाच्या रविवारी पद्मिनी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. बाभळेश्वरपर्यंत जाऊन आलो. येताना मेथीच्या दोन जुड्या आणि किलोभर वांगी घेतली.