सायकल आणि सरळ गल्ल्या

जयसिंगपूरला आले की पहिल्यांदा सायकल काढते. शाहू महाराजांनी वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं हे गाव. गल्ल्या सरळ, काटकोनात, नावांऐवजी नंबर. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही!

नोकरीच्या गावी, पवईत, माझी सायकल बाल्कनीत धूळ खाते. म्हणून तलावाकाठच्या सायकल ट्रॅकसाठी शेजाऱ्यांशी तावातावानं भांडले होते. त्यांचं म्हणणं, दगडांचा भराव तलावातच पडतोय, मगरींनी जायचं कुठं? मे २०२२ मध्ये हायकोर्टानं ते काम बेकायदा ठरवलं, बांधलेलं काढायला लावलं. शेजारी बरोबर होते. अजून त्यांच्याकडे कबूल केलेलं नाही.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "तळ्यात कशाला सायकल घालायची? रस्ते नाहीत व्हय तिकडं?"