सहा गोण्यांचा हिशोब

आज शेतातलं नाही, नातीच्या वहीतलं लिहितोय. पण शेवटी शेतातच येतो.

नात सातवीला. ३एक्स + २वाय + एक्स, याला सोपं रूप द्या, असं गणित होतं. मी पटकन म्हणालो, "सहा." ती हसली. "आबा, सरूप पदांचीच बेरीज होते. एक्स एक्समध्ये, वाय वायमध्ये. उत्तर ४एक्स + २वाय."

दहावी पास माणूस, गप्प बसलो. मग आठवलं, मागच्या उन्हाळ कांद्याला मी हेच केलं होतं. एकरी ३ युरिया, २ डीएपी, १ दहा-सव्वीस-सव्वीस. कोणी विचारलं की सांगायचो, "सहा गोण्या टाकल्या." त्यातली युरियाची शेवटची गोणी तर सत्तराव्या दिवशी. कांदा हिरवागार, पण माना जाड. चाळीत दोन महिन्यांत पाणी सुटलं. निम्मा माल उकिरड्यावर गेला.

रात्री नातीला घेऊन गोण्या फोडल्या, कागदावर.
युरिया ४५ किलोची, ४६ टक्के नत्र : ३ गोण्यांत ६२.१ किलो नत्र.
डीएपी ५० किलोची, १८:४६ : २ गोण्यांत नत्र १८, स्फुरद ४६.
१०:२६:२६, ५० किलो : नत्र ५, स्फुरद १३, पालाश १३.

आता नत्रात नत्र, स्फुरदात स्फुरद मिळवलं. नत्र ८५.१, स्फुरद ५९, पालाश १३. शिफारस हेक्टरी १००:५०:५०, म्हणजे एकरी ४०:२०:२०. नत्र दुपटीच्या वर, स्फुरद जवळजवळ तिप्पट आणि कांदा टिकायला जे लागतं ते पालाश कमी. कांदा सडायला दुसरीही कारणं असतात, मान्य. पण माझ्या चाळीत हे कारण मीच भरलं होतं.

यंदा उलटा हिशोब केला. दहा-सव्वीस-सव्वीस दीड गोणी आणि युरिया दीड गोणी. बेरीज ३८.५५ : १९.५ : १९.५. सहाच्या जागी तीन गोण्या. युरिया थोडा लागवडीला, बाकीचा दोन हप्त्यांत, ४५ दिवसांच्या आत. नंतर नाही. गंधक वेगळं दिलं, ते वेगळं पद आहे.

माती परीक्षण असेल तर आकडे त्याप्रमाणे बदला, रीत हीच. गोण्या मोजू नका, आतलं मोजा. तुमची बेरीज किती येते ते खाली लिहा, चुकली तर नात तपासून देईल.